जड ट्रॉलीला कॅस्टर निवडताना: भाराचा हिशेब, फरशी आणि गोव्याची खारी हवा

कॅस्टरवर (चाक, त्याला धरणारा फोर्क आणि वरची प्लेट असा तयार जोड) ‘३०० किलो’ लिहिलेलं आहे, अशी चार लावली, म्हणजे ट्रॉली १२०० किलो उचलेल. जड ट्रॉल्यांची बहुतेक मोडतोड या एका गुणाकारातून सुरू होते. वेर्णा, कुंडई, मडकई, पिळर्ण, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत शेडच्या मागे डोकावलं तर फोर्क वाकलेली, चाकावरचा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर सोलून निघालेली, बॉल रेसमधल्या (फोर्क ज्यावर फिरतो त्या गोल खाचेतल्या) गोळ्या सांडलेली कॅस्टर दिसतात. त्यातली बरीचशी हलक्या दर्जाची नसतात. चुकीच्या कामाला लावलेली असतात.

छापलेला आकडा एका चाकाचा असतो. तो सपाट, कडक फरशीवर, माणसाच्या चालीने म्हणजे ताशी ४ किमीपर्यंतच्या वेगाने, मोठे अडथळे नसताना आणि साधारण खोलीच्या तापमानाला मोजलेला असतो. प्रत्यक्षात फरशीला सांधे असतात, शटरची पट्टी ओलांडावी लागते, जूनपासून सगळं ओलं असतं. त्या आकड्यापासून आपल्या ट्रॉलीपर्यंत कसं यायचं ते पुढे क्रमाने दिलं आहे.

आधी वजन, तेही रिकाम्या ट्रॉलीसकट

मालाचं वजन सगळे धरतात, ट्रॉलीचं स्वतःचं वजन विसरतात. लोखंडी पत्र्याचं वजन काढायला सोपं गणित आहे: एक चौरस मीटर पत्रा, जाडीच्या दर मिलिमीटरला ७.८५ किलो. म्हणजे ६ मिमी प्लेट चौरस मीटरला सुमारे ४७ किलो. ५० × ५० × ६ मिमीचा अँगल मीटरला ४.५ किलो.

एक उदाहरण शेवटपर्यंत वापरू. २०० लिटरचे चार ड्रम नेणारी ट्रॉली, डेक (माल ठेवायचा पृष्ठभाग) १२०० × १२०० मिमी. प्लेटचे ६८ किलो, कडेचा आणि मधल्या दोन आडव्या पट्ट्यांचा मिळून ७.२ मीटर अँगल, त्याचे ३२ किलो, हँडल ८ किलो, चार जड कॅस्टर मिळून २४ किलो. रिकामी ट्रॉलीच १३२ किलोची झाली. ड्रममध्ये पाण्यासारखा पातळ माल असेल तर २०० किलो, अधिक लोखंडी ड्रमचे साधारण २० किलो. चार ड्रमचे ८८० किलो. एकूण १०१२.

इथे एक गोष्ट नीट पाहा. लिटर म्हणजे किलो नव्हे. ६५ टक्के साखरेचा पाक लिटरला सुमारे १.३ किलो भरतो. तेच चार ड्रम पाकाने भरले की माल ११२० किलो आणि एकूण १२५२ होतो. ट्रॉली तीच, चाकं तीच, भार मात्र तब्बल २४० किलोंनी वाढला. त्यामुळे ट्रॉलीवर आज काय ठेवतो ते न धरता तिच्यावर कधीही ठेवलं जाऊ शकेल असं सर्वांत जड काय ते धरायचं. शेडमधली ट्रॉली एका कामापुरती कधीच राहत नाही. यंत्राचा भाग किंवा डाय (साचा) असेल आणि वजन ठाऊक नसेल तर प्लॅटफॉर्म काट्यावर घ्या, मोठं असेल तर वे-ब्रिजवर टेम्पो भरून आणि रिकामा करून फरक काढा.

चारने नव्हे, तीनने भागा

चार पायांचं टेबल डगमगतं तसंच चार चाकांच्या ट्रॉलीचं होतं: फरशी जराशी वरखाली असली की एक चाक अधांतरी राहतं. म्हणून चार कॅस्टरच्या ट्रॉलीचा एकूण भार तीनने भागायचा हा या धंद्यातला सर्वमान्य नियम आहे. आपल्या उदाहरणात १०१२ भागिले ३ म्हणजे ३३७ किलो. चारने भागलं असतं तर २५३ आले असते आणि ‘३०० किलो’वालं कॅस्टर पुरेसं वाटलं असतं.

यावर सुरक्षेचा गुणक लावायचा. गुळगुळीत फरशी, हाताने ढकलणं, अडथळा नाही, भार हळू ठेवला जातो, अशी परिस्थिती असेल तर १.२ ते १.३ चालतो. सांधे, शटरची पट्टी, गटारावरची जाळी ओलांडायची असेल तर १.५. अंगणातले पेव्हर ब्लॉक, जेटीचं खडबडीत काँक्रीट, उघड्यावरचं काम असेल तर २. ट्रॉली टगला (ओढणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरला) किंवा फोर्कलिफ्टला जोडून ओढायची असेल तर २ च्या वर, आणि ताशी ४ किमीच्या पुढच्या वेगासाठी निर्मात्याचा वेगळा तक्ता मागायचा. ताशी १० किमीला कित्येक चाकांची क्षमता निम्म्याच्या आसपास येते.

आपल्या ट्रॉलीला १.५ धरला तर ३३७ × १.५ म्हणजे ५०६ किलो दर कॅस्टर. पाकाचे ड्रम असतील तर ६२६.

हा दीडचा गुणक अनेकांना उधळपट्टी वाटतो. तशी ती नाही, आणि कारण भूमितीत आहे. फ्रेम अगदी ताठ असेल आणि भार बरोबर मध्यावर असेल, तर एक चाक उचललं गेलं की उरलेल्या तिघांत भार सारखा वाटला जात नाही. गुरुत्वमध्य कर्णावर येतो आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाकं निम्मा-निम्मा भार घेतात, तिसरं नुसतं टेकलेलं राहतं. १०१२ चे निम्मे ५०६. म्हणजे तीनने भागून दीडने गुणल्यावर जे येतं तेच. फ्रेम थोडी लवचिक असेल, चाकं रबराची असतील तर परिस्थिती इतकी टोकाची होत नाही. पण जाड चॅनलची वेल्ड केलेली ताठ फ्रेम आणि खाली कडक नायलॉन किंवा बिडाची चाकं असतील तर थेट दोननेच भागा आणि वर धक्क्यांसाठी गुणक लावा.

भार कसा ठेवला जातो तेही पाहायचं. चेन पुलीची साखळी एकदम सैल सोडून भार डेकवर टेकवला, तर उंचीवरून काहीही न पडतासुद्धा चाकांवर क्षणभर दुप्पट जोर येतो. खरोखर दोन बोटं उंचीवरून आदळला तर त्याहून पुष्कळ जास्त. ट्रॉली चालताना शाबूत आणि भरताना मोडते ती यामुळे.

भार एका टोकाला असेल तर वेगळं गणित. मोटर-पंपसारखी वस्तू एका बाजूला जड असते. गुरुत्वमध्य पुढच्या चाकांपासून चाकांमधल्या अंतराच्या एक तृतीयांशावर असेल तर दोन तृतीयांश भार पुढच्या जोडीवर जातो. अशा वेळी त्या जोडीचा भार आधी काढा आणि चारही चाकं तिच्या हिशेबाने घ्या. मागे हलकी चाकं लावून वाचवलेले पैसे कोणी ट्रॉली उलटी भरली की संपतात.

फरशी पाहून व्यास ठरवा

भारक्षमता जुळली तरी छोटं चाक अडतं. १० मिमी उंचीची पट्टी थांबलेल्या अवस्थेतून ओलांडायची असेल तर चाकाच्या आसावर लागणारा आडवा जोर असा निघतो: १०० मिमी व्यासाच्या चाकाला त्याच्यावरच्या भाराच्या ७५ टक्के, २०० मिमी व्यासाच्या चाकाला सुमारे ४८ टक्के. एका चाकावर २५० किलो असतील आणि पुढची दोन्ही चाकं एकदम पट्टीला लागली, तर चार इंची चाकांना ३७५ किलोचा धक्का हवा, आठ इंचींना २४० चा. दोन्ही आकडे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहेत. म्हणून काय होतं, तर लोक दोन पावलं मागे घेऊन वेगाने आदळवतात. फोर्क वाकतो तो तिथे.

उपाय दोन. पट्टीच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचा किंवा चेकर्ड प्लेटचा उतार द्या. तो कॅस्टरच्या फरकापेक्षा नेहमीच स्वस्त पडतो. आणि ट्रॉली पट्टीवर जराशी तिरपी न्या, म्हणजे एका वेळी एकच चाक चढतं.

शेडमध्ये ट्रायमिक्स किंवा चांगलं आयपीएस (काँक्रीटची किंवा सिमेंटची कडक, गुळगुळीत फरशी) असेल, ५०० किलोच्या आत भार असेल तर १५० मिमी पुरतं. ५०० किलोच्या वर २०० मिमी घ्या. पेव्हर ब्लॉक, चिऱ्यांचं अंगण, जेटी यांसाठी २०० मिमी ही किमान मर्यादा समजा. २५० मिळालं तर उत्तम. व्यास वाढला की डेकही वर जातो: २०० मिमी चाकाच्या कॅस्टरची एकूण उंची साधारण २४० मिमी असते. उंच माल असेल तर ट्रॉली कलंडण्याचा धोका तपासावा लागतो. फिरतं कॅस्टर आत वळलं की चाक प्लेटच्या मध्यापासून ५०-६० मिमी आत सरकतं. दोन्ही बाजूंचं मिळून टेकण्याची रुंदी दहा-बारा सेंटिमीटरने कमी होते. अरुंद ट्रॉलीला ही रुंदी महाग पडते.

ढकलायला किती जोर लागेल हेही आताच काढा. गुळगुळीत फरशीवर चांगल्या बेअरिंगच्या पीयू चाकांना सुरुवातीला एकूण भाराच्या साधारण ३ टक्के जोर लागतो. १०१२ किलोला ३० किलो. रोजच्या कामात एका माणसाने २०-२५ किलोपेक्षा जास्त जोर लावून गाडी सुरू करू नये, तेव्हा ही ट्रॉली दोघांची. उताराचा जोर याच्या वर. १२ ला १ असा रॅम्प असेल तर नुसत्या चढावासाठी ८४ किलो लागतात, २० ला १ ला ५० किलो. गोव्यात पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून शेडचा उंबरा उंच आणि रॅम्प तीव्र ठेवण्याची पद्धत आहे. अशा रॅम्पवर एक टनाची ट्रॉली हाताने न्यायची कल्पना सोडून द्या. उतरताना ती कोणालाही आवरत नाही. विंच लावा किंवा फेऱ्या दोन करा.

चाक कशाचं

बिडाचं चाक भार भरपूर घेतं, तापमान सोसतं, पण फरशी खातं, आवाज करतं, आणि खाऱ्या हवेत गंजतं. फाउंड्री, फोर्ज, लोखंडी रुळ एवढ्यापुरतं ठेवा.

नायलॉन कडक, हलकं, ढकलायला सर्वांत सोपं. रसायनं, तेल, मिठाचं पाणी यांना दाद देत नाही. पण टेकणारा भाग अरुंद असल्याने सगळा भार इवल्याशा जागेवर येतो आणि विट्रिफाइड टाइल्स तडकतात, इपॉक्सीवर रेघा उमटतात. खडी किंवा लोखंडी कीस चाकाखाली आला तर चाक तिथेच थबकतं. नायलॉनची आणखी एक खोड दमट हवेत महत्त्वाची आहे: नायलॉन ६ पाणी शोषतं, सतत पाण्यात राहिलं तर वजनाच्या ९ टक्क्यांपर्यंत. त्याने भोक आवळतं आणि साध्या बोअरचं चाक आसावर घट्ट बसतं. म्हणून ओल्या जागी नायलॉनमध्ये बुश (भोकात बसवलेली नळी) किंवा बेअरिंग असलेलं चाक घ्या, किंवा बोअरला पुरेशी सैलाई आहे याची खात्री करा.

रबर शांत, फरशीला मऊ, खडबडीत जागेवर धक्के गिळतं. क्षमता मात्र त्याच व्यासाच्या पीयूपेक्षा बरीच कमी, ढकलायला जड, आणि तेल-ग्रीस लागलं की फुगून मऊ पडतं. भरलेली ट्रॉली चार दिवस एका जागी उभी राहिली तर चाकाला सपाट डाग पडतो आणि मग ती धडधडत चालते.

पीयू, म्हणजे बिडाच्या, ॲल्युमिनियमच्या किंवा नायलॉनच्या गाभ्यावर पॉलियुरेथेनचा थर. जड ट्रॉलीसाठी बहुतेक वेळा उत्तर हेच असतं. कडकपणा ९२ ते ९५ शोर ए असेल तर भार आणि फरशी दोन्ही सांभाळली जातात. पण गोव्यात पीयू घेताना एक प्रश्न विचारायलाच हवा: पॉलिएस्टर की पॉलिइथर? पॉलिएस्टर पीयू घर्षणाला आणि तेलाला उत्तम, पण उष्ण ओलाव्यात त्याच्या साखळ्या पाण्याने तुटतात. आधी पृष्ठभाग चिकट होतो, मग भेगा पडतात, मग तुकडे गळतात. कधीकधी चाक न वापरता गोदामात ठेवलेलं असतानाही हे होतं. पॉलिइथर पीयू ओलाव्याला पुष्कळ चांगलं टिकतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि उरलेल्या वेळात समुद्राची दमट हवा असलेल्या प्रदेशात हा फरक भारक्षमतेइतकाच मोलाचा आहे. विक्रेत्याला सांगता आलं नाही तर निर्मात्याच्या तांत्रिक पत्रकात बघा.

गाभ्याचाही विचार करा. बिडाच्या गाभ्यावरचं पीयू ओल्या जागी कडेने गंजायला लागतं, गंज थराखाली शिरतो आणि थर गाभ्यापासून सुटतो. धुण्याच्या जागेत किंवा जेटीवर नायलॉनच्या गाभ्यावरचं पीयू घ्या. क्षमता थोडी कमी मिळेल, तेव्हा व्यास किंवा रुंदी वाढवा.

उष्णता असेल तर नियम बदलतात. पीयूची क्षमता ४० अंशांच्या पुढे घसरू लागते आणि ७० च्या आसपास ते कामातून जातं. साधं नायलॉन ८० अंशांपर्यंत. बेकरीच्या रॅक ओव्हनमध्ये ट्रॉली चाकांसकट आत जाते, तिथे काचतंतू भरलेलं उष्णतारोधक नायलॉन किंवा फिनॉलिक चाक लागतं, आणि त्याच्या बेअरिंगमध्ये उच्च तापमानाचं ग्रीस. साधं ग्रीस वितळून वाहतं आणि चाक आठवडाभरात किंचाळू लागतं.

सॉल्व्हंट, रंग, अल्कोहोल हाताळणाऱ्या विभागात विद्युतवाहक कॅस्टर हवं, ज्याचा रोध १०,००० ओहमच्या आत असतो. चाक वाहक आणि फरशी इन्सुलेटिंग इपॉक्सी असेल तर उपयोग शून्य. दोन्ही एकत्र तपासा.

फोर्क, बेअरिंग आणि मीठ

चाकावर ६०० किलो लिहिलंय आणि फोर्क ३५० चा आहे, असं होतं. सुटं चाक आणि सुटा फोर्क जोडून विकणाऱ्या दुकानांत हमखास. दोहोंपैकी लहान आकडा हीच कॅस्टरची क्षमता.

फिरत्या कॅस्टरचा नाजूक भाग वरची बॉल रेस आणि मधला किंगपिन (ज्याभोवती फोर्क फिरतो तो खिळा). ३०० किलोपर्यंत दाबून बनवलेल्या पत्र्याचा, दुहेरी बॉल रेसचा फोर्क ठीक. ५०० च्या पुढे जाड प्लेटचा वेल्ड केलेला फोर्क, कडक केलेली रेस आणि ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) असलेलंच घ्या. किंगपिन नट-बोल्टचा असेल तर तो सैल होतो, घट्ट करता येतो. रिव्हेट केलेला असेल तर सैल झाला की कॅस्टर बदलायचं. धक्क्याचं काम, टगने ओढणं असेल तर किंगपिनच नसलेली रचना मिळते, जिच्यात रेस स्वतःच सगळं धरून ठेवते. महाग आहे, पण तिथे दुसरं काही टिकत नाही.

चाकाच्या आत साधा बुश हळू आणि क्वचित चालणाऱ्या गाडीला चालतो. रोलर बेअरिंग भार चांगला घेतं आणि घाण सोसतं. ढकलायला सर्वांत हलकं बॉल बेअरिंग, पण दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलंच. नुसती पत्र्याची शील्ड पाण्याला अडवत नाही.

आता गंज. दुकानात चकाकणारा झिंक प्लेटिंगचा थर सहसा १० मायक्रॉनच्या आसपास असतो. समुद्रापासून काही किलोमीटरच्या आत, उघड्या शेडमध्ये, एका पावसाळ्यात आधी त्याची पांढरी भुकटी होते, मग तांबडा गंज दिसतो. हॉट-डिप गॅल्व्हनायझिंगचा थर त्याच्या कित्येक पट, ५० मायक्रॉन आणि पुढे. आतल्या कोरड्या शेडसाठी झिंक प्लेटिंग पुरतं, पण रेसमध्ये ग्रीस भरलेलं ठेवलं तर.

कुटबण, मालीम किंवा खारीवाड्यासारख्या मासळीच्या जेटीवर, बर्फाच्या कारखान्यात, मासळी प्रक्रियेच्या युनिटमध्ये स्टेनलेस शिवाय पर्याय नाही. ३०४ ग्रेडवर खाऱ्या हवेत तपकिरी डाग आणि खड्डे पडतात. वरचेवर गोड्या पाण्याने धुतलं तर ते चालवून घेता येतं. थेट समुद्राचं पाणी लागत असेल तर ३१६ घ्या. फसगत होते ती आत: फोर्क स्टेनलेसचा आणि बेअरिंग, रेसमधल्या गोळ्या, आसाचा बोल्ट साध्या पोलादाचे. बाहेरून नवं दिसणारं कॅस्टर आतून जाम होतं. लोहचुंबक नेऊन बोल्ट आणि गोळ्या तपासा. मात्र कडक केलेल्या स्टेनलेसच्या गोळ्यांनाही चुंबक चिकटतो, तेव्हा चिकटलं तर नाकारण्याआधी ग्रेड विचारा.

जेटीसाठी एक हिशेब: बर्फासकट ३५ किलोचे १२ क्रेट म्हणजे ४२० किलो, स्टेनलेस ट्रॉली ६० किलो, एकूण ४८०. तीनने भागून १६०, उघड्यावरच्या खडबडीत काँक्रीटसाठी दुप्पट, ३२० किलो. २०० मिमी व्यास, नायलॉन गाभ्यावर पॉलिइथर पीयू, सील केलेलं स्टेनलेस बेअरिंग. आणि आसावर धागा अडवणाऱ्या चकत्या हव्याच. जाळ्याचे नायलॉन धागे आसाभोवती गुंडाळले जाऊन सील कापतात. जेटीवरची चाकं भाराने मोडण्याआधी बहुधा याने अडकतात.

फिक्स आणि फिरती

सर्वसाधारण ट्रॉलीला दोन फिक्स, दोन फिरती. फिरती चाकं हँडलच्या बाजूला, जिथून ढकलतो तिथे. उलटी लावली तर वळवताना अख्खा भार बाजूला रेटावा लागतो. चारही फिरती लावली तर अरुंद जागेत मजा वाटते, पण एक टन माल सरळ रेषेत नेणं आणि उतारावर सांभाळणं अशक्य होतं. तशी गरजच असेल तर दोन कॅस्टरना दिशा-लॉक घ्या.

दोन मीटरहून लांब ट्रॉलीला सहा चाकं लागतात: मध्ये दोन फिक्स, चार कोपऱ्यांत फिरती. मधली जोडी ३ ते ६ मिमी खाली ठेवली तर ट्रॉली तिच्यावर छान वळते. पण मग भार सहा जणांत वाटला जातो असं समजू नका. मधल्या दोघांवरच जवळपास सगळा येतो, तेव्हा त्यांपैकी प्रत्येकाची क्षमता एकूण भाराच्या निम्मी हवी.

ब्रेक किमान दोन चाकांना, शक्यतो फिरत्या. नुसतं चाक धरणारा ब्रेक लावला तरी फोर्क फिरत राहतो आणि ट्रॉली डोलते. चाक आणि फोर्क दोन्ही अडवणारा ब्रेक घ्या. रॅम्पवर मात्र कुठल्याही ब्रेकवर विसंबू नका, चाकाखाली लाकडी अटकाव घाला.

दुकानात विचारायचं

- हा आकडा चालत्या भाराचा की उभ्या? उभ्या भाराचा आकडा नेहमी मोठा असतो.
- एका कॅस्टरचा की चारच्या संचाचा?
- कुठल्या मानकाप्रमाणे चाचणी? हाताने ढकलायच्या औद्योगिक कॅस्टरसाठी आयएसओ २२८८३ आहे, जास्त वेगासाठी २२८८४.
- टॉप प्लेट आणि भोकांचं माप काय? १०५ × ८५ मिमी प्लेटला ८० × ६० मिमी अंतरावर भोकं, मोठ्या कॅस्टरची प्लेट १४० × ११० च्या आसपास, ही मापं बरीच दिसतात, पण ड्रिल करण्याआधी हातातलं कॅस्टर मोजा.
- सुटं चाक आणि बेअरिंग दोन वर्षांनी मिळेल का?

बसवताना

५० मिमीच्या अँगलवर १४० मिमीची टॉप प्लेट लावली तर प्लेटचा अर्ध्याहून जास्त भाग हवेत राहतो, आणि चाक वळलं की प्लेट मुडपते. कोपऱ्यात आधी ८ ते १० मिमी जाडीची पॅड प्लेट वेल्ड करा, वेल्डने ती वाकली असेल तर पट्टी धरून पाहा आणि ग्राइंड करा, मग त्यावर कॅस्टर चार बोल्टनी. बोल्ट ८.८ ग्रेडचे, नट नायलॉक (सहज सैल न होणारे), सैल भोकांखाली जाड वॉशर. १० मिमीचा बोल्ट सुमारे ४५ न्यूटन-मीटर, १२ मिमीचा ८० पर्यंत घट्ट करा.

कॅस्टर थेट फ्रेमला वेल्ड करू नका. उष्णतेने रेसचं ग्रीस जळतं, तिचा कडकपणा जातो, झिंकचा धूर छातीला वाईट, आणि पुढच्या वेळी गॅस कटर लागतो.

चारही बसली की रिकामी ट्रॉली सपाट जागी ठेवा आणि कोणतं चाक सुटं आहे ते कागद सरकवून पाहा. मग त्याच जागी ट्रॉली काटकोनात वळवा. तेच चाक पुन्हा सुटं राहिलं तर दोष फ्रेमचा, दुसरं सुटलं तर फरशीचा. फ्रेमचा असेल तर त्या कोपऱ्यात १ किंवा २ मिमीची पत्र्याची शिम प्लेट घाला. या पाच मिनिटांनी चाकांचं आयुष्य जितकं वाढतं तितकं महागड्या ब्रँडने वाढत नाही.

पहिला आठवडा आणि पुढे

पूर्ण भार घालून नेहमीच्या मार्गाने ट्रॉली एकदा न्या आणि आणा. नंतर फोर्क उघडलाय का, चाक फोर्कला घासतंय का, टॉप प्लेट आणि पॅड यांत फट दिसते का ते पाहा. आठवड्याने सगळे बोल्ट पुन्हा घट्ट करा, पहिल्या आठवड्यात ते जागेवर बसून थोडे सैल होतात.

मेअखेरीस, पाऊस लागण्याआधी, जॅक लावून एकेक चाक उचला. फोर्क हातात धरून वरखाली हलवा: खडखड जाणवली तर किंगपिन किंवा रेस झिजली. चाक आडवं हलवा: सैल वाटलं तर बेअरिंग. निपलमधून ग्रीस जुनं बाहेर पडेपर्यंत भरा, ग्रीस पाण्याला टिकणारं, लिथियम कॉम्प्लेक्स किंवा कॅल्शियम सल्फोनेटचं. जेटीवर आणि धुण्याच्या जागी हेच काम दर महिन्याला. धुताना प्रेशर गनचा झोत बेअरिंगवर धरू नका, सील कितीही चांगलं असलं तरी पाणी आत शिरतं. सुट्टीच्या काळात भरलेल्या ट्रॉल्या चाकांवर सोडू नका, फ्रेमखाली ठोकळे घाला.

चाक केव्हा टाकायचं: पीयूच्या कडेला गाभ्यापासून फट दिसली, नखाने दाबल्यावर पृष्ठभाग चिकट लागला, सपाट डाग चालवल्यानंतरही गेला नाही, किंवा व्यास मूळ मापापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त उतरला. एकच बदललं तर नवं चाक उंच पडतं आणि जास्त भार घेतं, तेव्हा एका आसावरची जोडी एकत्र बदला आणि जुन्यांतलं बरं चाक अडीअडचणीला बाजूला ठेवा, उन्हापासून दूर, कोरड्या जागी.